पाचव्या पानावरचं भोक

मंगळवारी सकाळी दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजून आलो, चहाचा कप घेतला, पेपर उघडला, तर पाचव्या पानाला भोक.

भोक म्हणजे पेपर टाकणाऱ्याच्या हातून फाटलेलं किंवा उंदरानं कुरतडलेलं नव्हे. चौकोनी, कडा सरळ, कोपरे काटकोनात. मी पट्टी आणून मोजलं. अकरा सेंटिमीटर रुंद आणि साडेचौदा उंच. एवढ्या जागेत एखाद्या माणसाचं वाटोळं करणारी बातमी सहज मावते.

"हे काय आहे?" मी बायकोला विचारलं.

ती ओट्याशी काहीतरी पुसत होती. वळलीसुद्धा नाही. "काय?"

"भोक."

"असंच आलं असेल," ती म्हणाली.

आता, छापखान्यातून रोज हजारो पेपर निघतात. त्यातला एकच चौकोनी भोकासह निघावा, तो नेमका आमच्या दारात पडावा, आणि त्याच दिवशी आमच्या शिवणाच्या डब्यातली कात्री टेबलावर असावी, हे ज्याला पटेल त्याला पटो. मी गप्प बसलो. गप्प बसणं हे तपासाचं पहिलं पाऊल असतं.

मी पेपर वाचत नाही, तपासतो. लोक बातमी वाचून "अरे वा" म्हणतात आणि पान उलटतात, म्हणून तर पेपरवाल्यांचं फावतं. मी हातात पेन्सिल घेऊन बसतो. अमुक देशात रोज पंधरा मिनिटं उलटं चालणाऱ्यांची स्मरणशक्ती वाढली, असं छापून आलं की मी समासात लिहितो, "कशावरून?" उलटं चालायला सुरुवात करण्यापूर्वी त्यांची स्मरणशक्ती किती होती हे त्यांच्या तरी लक्षात आहे का? एका गृहस्थांनी बावीस वर्षं एकच छत्री वापरली. कशावरून? छत्री कधी एकाच माणसाकडे राहते का? एका बाईंच्या मांजराला म्हणे घड्याळ कळतं. मग ते कामावर का जात नाही? असे प्रश्न मी मोठ्यांदा विचारतो आणि बायको "हं" म्हणते. या इमारतीत माझ्यामागे मला 'कशावरून' म्हणतात हे मला ठाऊक आहे. समोरचे हेडमास्तर एकदा घाईत मला तोंडावरच "काय कशावरून, फिरायला का?" म्हणाले होते.

अशा माणसाच्या पेपरातला तुकडा कापायचा म्हणजे धाडसच. कोणत्या बातमीचा तुकडा, हे पाहायला मी आजूबाजूचा मजकूर वाचला. भोकाच्या डावीकडे सांडपाण्याच्या नळाबद्दल होतं आणि उजवीकडे गुडघेदुखीबद्दल. दोन्हींवरून काही निष्पन्न होईना.

इथं कोणी म्हणेल की पानाला दुसरी बाजूही असते. असते. पण आमच्याकडे नव्हती. एकतीस वर्षं मी ज्या कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढली तिथं नियम होता, की कागद एकाच बाजूला लिहायचा आणि खाली शिक्का मारायचा, "मागील बाजू कोरी आहे". म्हणजे पुढच्या माणसाला कागद उलटण्याचे कष्ट नकोत. तो शिक्का मारायचं काम माझ्याकडे होतं. हाताला अशी सवय लागली की कागद उलटायचा असतो हेच मी विसरलो. शिवाय पाचव्या पानाच्या मागे सहावं पान, आणि सहाव्या पानाशी माझा अबोला. तिथं वाचकांची पत्रं येतात. मी त्यांना अकरा वर्षांत सेहेचाळीस पत्रं पाठवली, सगळी मुद्देसूद, सगळी पुराव्यासकट. एकही छापलं नाही. शेवटी मी ठरवलं, की त्यांना माझं पत्र नको तर मला त्यांचं पान नको. तेव्हापासून मी पाचवरून सरळ सातवर जातो. सत्तेचाळिसावं पत्र पाठवलं ते छापण्यासाठी नव्हतंच. त्यांच्या एका बातमीतली चूक मी खुद्द संपादकांच्या नावे, पाकिटावर 'व्यक्तिगत' असं लिहून कळवली होती आणि त्यांच्या लेखी खुलाशाची वाट पाहत होतो.

तर बुधवारी मी हेडमास्तरांच्या दारावर टकटक केलं. आमच्याकडे येतो तोच पेपर त्यांच्याकडेही येतो.

"कालचा पेपर जरा मिळेल का?"

हेडमास्तर दारातच उभे राहिले. एरवी "या, बसा" म्हटल्याशिवाय त्यांचं दार उघडत नाही. "कालचा होय? तो कपाटात अंथरला."

"चोवीस तासांत?"

"कपाट फार धूळ खातं हो."

"मग त्याचं पाचवं पान तेवढं कपाटातल्या कपाटात वाचू का? मी वाकून वाचेन."

"वर कपडे ठेवलेत," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. दारामागून त्यांचा खोकला ऐकू आला. हेडमास्तरांना खोकला नाही. शाळेत हसू आवरायचं असलं की ते खोकायचे, हे त्यांनीच मला एकदा सांगितलेलं होतं.

हसण्यासारखं काय होतं? माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिथून सलूनमध्ये गेलो. सलूनमध्ये पंधरा-पंधरा दिवसांचे पेपर पडलेले असतात. पण नुसतं पेपर वाचायला गेलो असं दिसू नये म्हणून खुर्चीत बसावं लागलं. माझ्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नाही, कानामागे थोडं आहे. सलूनवाल्यानं तेच सावकाश कापायला घेतलं. मी मांडीवर मंगळवारचा पेपर उघडला. चौथ्या पानानंतर सातवं.

"यातला मधला कागद कुठंय?"

"एक गिऱ्हाईक घेऊन गेलं, काका."

"कशाला?"

सलूनवाला विचारात पडला. "केस गुंडाळायला," तो म्हणाला.

"स्वतःचे?"

"असतात एकेकाला सवयी." आरशात मी पाहत होतो. त्यानं खालचा ओठ दातात धरला होता आणि कात्री हवेतच चालत होती.

घरी आलो तर बायको फोनवर. दार लोटलेलं होतं. मी चोरून ऐकणारा माणूस नाही, पण चप्पल काढायला वेळ लागतो. ती लेकीशी बोलत होती. "नाही गं, त्यांना काही कळू दिलेलं नाही. तू पण बोलू नकोस. हसू नकोस, मूर्ख. बघते मी माझ्या पद्धतीनं."

मी दार ढकलल्यावर ती म्हणाली, "घे, बाबा आलेच," आणि फोन माझ्या हातात दिला. लेक म्हणाली, "बाबा, बरे आहात ना?" मी म्हटलं, "का? नसायला हवं होतं?" त्यावर तिकडून काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला आणि लाइन कट झाली.

त्या क्षणापासून मी बायकोवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली. तिनं नवीन लिहायचं पॅड आणलं होतं. जिनं उभ्या जन्मात वाणसामानाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही तिला रेघांचं पॅड कशाला? माळ्यावरची पेटी खाली आली होती आणि पुन्हा वर गेली होती. पेटीवरची धूळ पुसलेली, म्हणजे उघडून पाहिलेली. दुपारी ती "जरा शिंपिणीकडे जाऊन येते" म्हणून निघाली. हातात कापड नव्हतं, जाडजूड पाकीट होतं.

मी वाचनालय गाठलं. माझं सभासदत्व चार वर्षांपूर्वी संपलेलं होतं. ग्रंथपालबाईंनी अर्ज दिला. त्यात 'जुना अंक पाहण्याचे कारण' असा रकाना होता. मी खरं तेच लिहिलं, "भोक".

"भोक हे कारण यादीत नाही," बाई म्हणाल्या. "अभ्यास, संशोधन, न्यायालयीन काम आणि इतर, एवढीच आहेत."

"मग इतर."

"इतरला विभागप्रमुखांचं पत्र लागतं."

"मी निवृत्त आहे."

"तेव्हाच्या विभागप्रमुखांचं चालेल."

"ते वारले."

"मग तसं पत्र आणा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. मला राग आला, पण मनातून बरंही वाटलं. सध्याच्या दिवसांत नियमानं वागणारं कोणीतरी आहे.

शेवटी गुरुवारी मी पेपरच्या कार्यालयातच गेलो. तिथं मागच्या अंकांसाठी वेगळी खिडकी आहे. खिडकीत एक तरुण मुलगी होती. मी अर्ज भरला, नाव-पत्ता लिहिला. तिनं तो वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणजे तेच का?"

"तेच म्हणजे कोण?"

ती उठून आत गेली. आतून तीन जण मला पाहायला आले. त्यातल्या एकाच्या कानावर पेन्सिल होती. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात हातात घेतला. "आम्हाला फार आवडलं. असंच चालू ठेवा."

"काय चालू ठेवू?"

तो इतरांकडे वळला. "बघा, बोलतातसुद्धा तसेच."

मुलीनं पूर्ण कागद आणून दिला. पैसे देऊ लागलो तर म्हणाली, "तुमच्याकडून काय घ्यायचे?" जो पेपर वाढदिवसाच्या चार ओळीसुद्धा फुकट छापत नाही, तो मला अंक फुकट देतो याचा अर्थ एकच. माझ्या घरात जे चाललंय ते यांनाही माहीत आहे आणि यांना माझी कीव येते आहे.

बाहेर पायऱ्यांवर बसून पाचवं पान उघडलं. खिशात माझा भोकाचा कागद होताच, तो वर ठेवला. भोकातून जी बातमी दिसली ती अशी होती:

"निवृत्त नवऱ्यांच्या बायकांना हवा एकांत. एका पाहणीनुसार, नवरा दिवसभर घरी असलेल्या दर दहा महिलांपैकी चार जणींना वेगळ्या खोलीत एकटं राहावंसं वाटतं. त्यांपैकी दोघींनी अशी खोली पाहूनही ठेवली आहे. नवरे मोठ्यांदा बोलतात, प्रत्येक गोष्टीत शंका काढतात, अशी यांतील बहुतेक महिलांची तक्रार आहे."

पायऱ्यांवरून लोक वर-खाली करत होते. मला कोणी दिसेना. तिनं खोली पाहून ठेवली आहे. पेटी त्यासाठीच काढली. पाकिटात खोलीचे कागद असणार. आणि लेकीलाही सगळं माहीत आहे.

खरं तर भोक बातमीवर नीट बसत नव्हतं. मथळ्याचा वरचा अर्धा भाग उडाला होता आणि शेवटच्या दोन ओळी मधोमध कापल्या गेल्या होत्या. घाईत कापलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कडा पट्टीनं आखल्यासारख्या सरळ आहेत आणि तरी कापणारी घाईत होती, हे दोन्ही एकदम कसं, असा प्रश्न कुणालाही पडला असता. मला तर पडायलाच हवा होता. पण ज्या बातमीची माणसाला भीती वाटते तिच्यापुढे त्याची पेन्सिल चालत नाही.

पाचवं पान कुणाला दिसू नये म्हणून ते आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली, कागद छातीशी धरला आणि चालत घरी आलो. वाटेत दोघा-तिघांनी माझ्या छातीकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि हसले. एकानं तर सलाम केला. मी मान खाली घातली.

इमारतीत तळमजल्यावर वकीलबाई राहतात. मी त्यांच्यापुढे बसलो, कागद दोन्ही हातांनी उभा धरला आणि पाचव्या पानावरची बातमी पहिल्या शब्दापासून वाचून दाखवली. वकीलबाई कागदाच्या पलीकडून माझ्या कागदाकडेच पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात गांभीर्य नव्हतं.

"तुम्हाला यात भरपाई हवी आहे का?" त्यांनी विचारलं.

"भरपाई घेऊन काय करू? मला ती घरात हवी आहे."

"कोण?"

"बायको."

"तुमच्या मिसेसचा यात काही दोष आहे असं मला नाही वाटत. त्या कालच येऊन गेल्या."

"तुमच्याकडे? कशासाठी?"

"ते मी सांगू शकत नाही. पण त्या फार चिडल्या होत्या, एवढं सांगते."

जिना चढून वर येईपर्यंत मी चौतीस वर्षांचा हिशेब मनात मांडला. रोज सकाळी हिनं माझ्या तोंडून मांजरं, छत्र्या आणि उलटी चालणारी माणसं ऐकली होती. रोज "हं" म्हटलं होतं. हे "हं" म्हणजे सहमती, असं मी धरून चाललो होतो. कशावरून, असं एकदाही मी स्वतःला विचारलं नव्हतं.

दोन दिवस मी चांगला वागलो. पेपर मनातल्या मनात वाचला. एका बातमीत हत्तीनं चित्र काढल्याचं होतं, तेही मी जाऊ दिलं. बायको म्हणाली, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "छान वाटतंय." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. त्या हाताच्या स्पर्शानं मला इतकं वाईट वाटलं, की शनिवारी दुपारी चहाच्या वेळी मी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

ती समोर बसली होती. मी कपाटातून कागद काढला, उघडला आणि दोघांच्या मध्ये उभा धरला. पाचवं पान माझ्याकडे. पलीकडे कपबशीचा आवाज थांबला.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"मंगळवार सकाळपासून."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"बहुतेक सगळ्यांना. हेडमास्तरांना मीच सांगितलं होतं, पेपर कपाटात अंथरला असं म्हणा म्हणून. सलूनवाल्याला निरोप हेडमास्तरांनी दिला."

"आणि मला तेवढं सांगायचं नाही?"

"तुम्हाला लागेल म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली.

"लागणारच की. चौतीस वर्षं झाली. खोली कुठं पाहिलीस?"

"कसली खोली?"

"एकटी राहायची. पाहून ठेवली आहेस ना?"

कागदाच्या वरून तिचं डोकं दिसलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि मी काय वाचतोय ते वाचलं. सगळी बातमी वाचली. मग माझ्या हातातून कागद घेतला, उलटा केला आणि परत हातात दिला.

सहावं पान. 'घटकाभर गंमत' नावाचं सदर, भोवती पट्टीनं आखल्यासारखी जाड चौकट, अकरा बाय साडेचौदा. मथळा होता, 'कपाळावरचा चष्मा'. त्याखाली टकलावर चष्मा चढवून चष्मा शोधणाऱ्या माणसाचं चित्र. मी त्यांना फोटो पाठवलेला नव्हता, तरी टक्कल कसं कळलं, हा मुद्दा मी अजूनही सोडलेला नाही. आणि चित्राखाली माझं सत्तेचाळिसावं पत्र, माझ्या पूर्ण नावानिशी:

"महोदय, 'प्रत्येक माणूस हरवलेल्या वस्तू शोधण्यात रोज सरासरी अठरा मिनिटे घालवतो' अशी बातमी आपण दिली आहे. तिची सत्यता पडताळण्यासाठी मी सात दिवस घड्याळ लावून नोंदी ठेवल्या. माझा रोजचा शोध सरासरी एकेचाळीस मिनिटांचा भरला. पैकी अडतीस मिनिटे चष्म्यासाठी गेली व तो दर वेळी कपाळावरच आढळला. तसेच नोंदवही शोधण्यात एकूण नऊ मिनिटे गेली. ती धरावीत किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. आपला विश्वासू."

मी ते पत्र दोनदा वाचलं. एकही शब्द बदललेला नव्हता. अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते छापून आलं होतं, आणि त्याच्या एका बाजूला दोन उंदरांचा विनोद होता आणि दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि पेशंटचा.

"म्हणजे मी हे पान छातीवर लावून गावभर फिरलो," मी म्हणालो.

"तसंच धरलं होतंत का?"

"वकीलबाईंना तर वाचून दाखवलं. तू त्यांच्याकडे कशाला गेली होतीस?"

"विचारायला, की गंभीर माणसाला विनोदी म्हटलं तर काही करता येतं का."

"काय म्हणाल्या?"

"त्याला कलम नाही म्हणाल्या."

"आणि पेटी? पाकीट?"

"ते माझं काम होतं," ती म्हणाली आणि कप उचलायला लागली.

मला एकच विचारायचं होतं. "तू पहिल्यांदा वाचलंस तेव्हा तुला हसू आलं?"

तिला खोटं बोलता येत नाही. भोक असंच आलं असेल, एवढीच तिची मजल. "आलं," ती म्हणाली. "खूप आलं. मग खाली तुमचं नाव पाहिलं आणि थांबलं. सात दिवस तुम्ही ते घड्याळ मांडीवर घेऊन बसला होतात, ते मी पाहिलं होतं ना."

ती घर सोडून जाणार नव्हती, यात मला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला. खरंच झाला. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी बसलं होतं आणि ते हलेना. माझं लिहिणं लोकांना उंदरांच्या शेजारचं वाटतं. मी पेन्सिल ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आणि यापुढे एक अक्षर लिहिणार नाही, असं जाहीर केलं.

पुढच्या मंगळवारी मी रक्तदाब मोजायला गेलो नाही. गेलो असतो तरी त्याचा आकडा मला आधीच माहीत होता. दारात पेपर पडल्याचा आवाज आला तसा उठलो आणि अबोला मोडून सरळ सहावं पान काढलं. पुन्हा माझी काही विटंबना असेल तर ती निदान मीच सगळ्यांच्या आधी पाहावी.

'घटकाभर गंमत'. मथळा, 'कपाळावरचा चष्मा: भाग दुसरा'. चित्रात तोच टकल्या, आणि त्याच्यामागे हातात लाटणं घेतलेली एक बाई. खाली पत्र:

"महोदय, माझे पती विनोद करत नाहीत. मी त्यांच्याबरोबर चौतीस वर्षे राहत आहे. त्यांनी केला असता तर माझ्या लक्षात आले असते. चष्मा त्यांच्या कपाळावर आहे हे मला पहिल्या मिनिटापासून दिसत होते, परंतु त्यांच्या निरीक्षणात ढवळाढवळ नको म्हणून मी सातही दिवस गप्प राहिले. सोबत त्यांच्या आधीच्या सेहेचाळीस पत्रांच्या नकला पाठवत आहे. त्यांपैकी एकात तरी विनोद आढळल्यास दाखवून द्यावा. नाहीतर माफी मागावी."

मला हसू आलं. आवरेना. मी तोंडावर उशी धरली. ती सात दिवस पाहत होती आणि बोलली नव्हती, आणि हे तिनं सही करून पेपरला कळवलं होतं. उशीत तोंड खुपसून मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग खाली तिचं नाव पाहिलं, नवीन पॅडच्या रेघांवर तिनं ते किती जपून लिहिलं असेल ते डोळ्यांपुढे आलं, आणि थांबलो.

आत तिची उठल्याची चाहूल लागली. मी शिवणाचा डबा उघडला, कात्री काढली आणि चौकटीच्या कडेकडेनं, सरळ, कोपरे काटकोनात ठेवून कापलं. तुकडा घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला. चष्मा कपाळावरच होता, त्यामुळे घर मोकळंच होतं.

ती चहा घेऊन आली. पेपर उचलला, उघडला. भोकातून मला तिचा एक डोळा आणि अर्धं नाक दिसलं.

"हे काय?"

"असंच आलं असेल," मी म्हणालो.

तिनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. पुन्हा पुढची पाहिली. ती कधी आवक-जावक विभागात नव्हती. "कशावरून?" ती म्हणाली, चप्पल घातली आणि समोरच्या दारावर टकटक केलं.

मी कान टवकारले. हेडमास्तर दोनदा खोकले.

"आजचा पेपर होय?" ते म्हणाले. "तो कपाटात अंथरला."

मग ती परत आली, माझ्यासमोर बसली आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं उठून ड्रॉवर उघडला, माझी पेन्सिल काढली, टोक करून माझ्यापुढे ठेवली, आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.